लिटनची फेरी बंद असते त्या दिवसांची जबाबदारी कोणाची?

मा. परिवहन मंत्री,
ब्रिटिश कोलंबिया प्रांत शासन, व्हिक्टोरिया

महोदय,

फ्रेझर आणि थॉमसन या नद्यांच्या संगमावरील लिटन गावाजवळ आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत जी फेरीसेवा, म्हणजे वाहने आणि माणसे फ्रेझर नदीपार नेणारा तराफा, चालते, तिच्याविषयी हे पत्र आहे. या प्रांतात राहणाऱ्या मराठी माणसांपुढेही हा विषय यावा म्हणून ते मराठीत लिहिले असून इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. माझी मागणी एकच आहे. फेरी बंद असेल त्या दिवशी पश्चिम तीरावरच्या लोकांना नदीपार नेण्याचे बंधन शासनाने लेखी स्वीकारावे.

लिटनच्या तराफ्याला पलीकडे नेणारे इंजिन नाही. नदीच्या आरपार ताणलेल्या पोलादी दोराला तो जखडलेला असतो, आणि चालक त्याला प्रवाहाशी तिरका धरतो तेव्हा पाण्याचा जोरच त्याला पलीकडच्या धक्क्याकडे ढकलत नेतो. एका खेपेला दोन वाहने आणि सुमारे 20 प्रवासी मावतात, आणि भाडे घेतले जात नाही. बिग बार, लिटल फोर्ट, मॅक्लूअर आणि अस्क येथेही अशाच फेऱ्या आहेत. इतकी साधी, इंधन न जाळणारी आणि विनामूल्य सेवा शासनाने टिकवून धरली, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जो प्रवाह तराफा चालवतो तोच त्याला थांबवतोही. उन्हाळ्याच्या तोंडाला बर्फ वितळून नदी फुगते आणि ओंडके वाहून येऊ लागतात; हिवाळ्यात पाणी उतरते, बर्फ साचते. अशा वेळी चालकाने तराफा बांधून ठेवणे हेच योग्य आहे, आणि सुरक्षिततेच्या या नियमात कोणतीही सूट मी मागत नाही.

प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि त्याचे मूळ सोन्याच्या काळात आहे. 1858 मध्ये फ्रेझरच्या वाळूत सोने सापडल्याची बातमी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली आणि काही महिन्यांत हजारोंच्या संख्येने खाणकामगार या खोऱ्यात शिरले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गव्हर्नर जेम्स डग्लस यांनी परवान्याविना नदीत येणाऱ्या नौका जप्त करण्याचे फर्मान काढले. म्हणजे ब्रिटिश कोलंबियाची वसाहत रीतसर जाहीर होण्याआधीच या नदीवरच्या ये-जा करण्यावर सरकारचा अंमल सुरू झाला होता. पुढे नदी ओलांडण्याच्या मोक्याच्या जागी खासगी मक्तेदार आले. त्यांनी वाहतूक सांभाळायची आणि बदल्यात पथकर घ्यायचा, अशी ती रीत होती. लिटनच्या दक्षिणेला फ्रेझरवरच स्पझम येथे फेरी होती. 1863 मध्ये जोसेफ ट्रच यांनी तिथे अलेक्झांड्रा झुलता पूल बांधला आणि त्यावर पथकर वसूल केला. थॉमसन नदीवर मॉर्टिमर कुक यांची फेरी होती. 1865 मध्ये टॉमस स्पेन्स यांच्या पुलाने तिची जागा घेतली. कॅरिबूच्या खाणींकडे जाणारा गाडीरस्ता जिथे जिथे नदीला आडवा गेला, तिथे काही वर्षांतच फेरी जाऊन पूल आला.

लिटनला मात्र हा रस्ता नदीच्या पूर्व काठाने जात होता. पश्चिम काठावरून ना सोने जायचे ना खाणींचे सामान. तिथे या भूमीचे मूळ रहिवासी असलेले न्लाकापामुख लोक राहत होते. युरोपीय माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून ते स्वतःच्या होड्यांनी ही नदी ओलांडत होते, आणि 1808 मध्ये शोधप्रवासी सायमन फ्रेझर आला तेव्हा संगमावरच्या त्यांच्याच वस्तीत त्याचे स्वागत झाले. दीडशेहून अधिक वर्षे उलटून गेली, तरी त्या काठाला वाहन नेता येईल असा पूल मिळालेला नाही. हा निव्वळ भूगोलाचा दोष आहे असे मला वाटत नाही. पूल कुठे हवा हे सोन्याच्या वाटेने ठरवले, आणि नंतरच्या कोणत्याही शासनाने तो हिशेब नव्याने मांडला नाही.

या गावाचे नावही सोन्याच्या त्याच वर्षातले आहे. तत्कालीन वसाहतमंत्री एडवर्ड बुल्वर-लिटन यांच्यावरून डग्लस यांनी ते ठेवले. बुल्वर-लिटन यांचा मुलगा रॉबर्ट पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत 1876 ते 1878 च्या दुष्काळाने दख्खन उजाड केले. त्यामुळे मराठी माणसाला हे नाव परके नाही, आणि लांबच्या राजधानीत ठरलेल्या प्राधान्यक्रमाची किंमत कोण मोजतो हेही त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आज फेरी बंद झाली की रेल्वेपुलाला लागून असलेल्या पायवाटेने लोक नदी ओलांडू शकतात. धडधाकट माणसाला ते जमेल. पण डायलिसिससाठी निघालेल्या वृद्धाने, तान्हे मूल घेतलेल्या आईने किंवा आठवड्याचा किराणा आणणाऱ्या एकट्या बाईने बर्फाळ वाऱ्यात तिथून चालत जावे, याला पर्यायी व्यवस्था म्हणता येणार नाही. वाहनाने जायचे तर पश्चिम काठाने उत्तरेला लिलुएटपर्यंतची खडतर वाट उरते. शिवाय फेरी रात्रभर चालत नाही, आणि आजारपण वेळ पाहून येत नाही. 29 जून 2021 रोजी लिटनला 49.6 अंश तापमान नोंदले गेले, दुसऱ्या दिवशी गावाचा बहुतांश भाग आगीत गेला आणि दोन माणसे दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पुरांनी आसपासचे महामार्ग तोडले. अशा प्रदेशात बाहेर पडण्याची वाट केवळ सोयीची बाब राहत नाही.

म्हणून फेरी चालवणाऱ्या कंत्राटदाराशी होणाऱ्या करारातच बंदीच्या दिवसांची तरतूद असावी, अशी माझी विनंती आहे. पाण्याची कोणती पातळी गाठल्यावर सेवा थांबेल हे आधीच जाहीर व्हावे. सेवा थांबताच रेल्वेपुलाच्या दोन्ही टोकांना वाहन उभे राहावे, ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी माणूस आणि साधन हजर असावे, आणि रात्रीच्या तातडीच्या प्रसंगी कोणाला बोलवायचे व त्याने किती वेळात यायचे हे ठरलेले असावे. त्याचा खर्च शासनाने उचलावा; कंत्राटदारावर तो ढकलला तर धोका असतानाही तराफा सोडण्याचा मोह निर्माण होईल. हा मसुदा न्लाकापामुख समाजांसोबत बसून तयार व्हावा. आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याचा कायदा आपल्या विधिमंडळाने 2019 मध्ये संमत केला आहे, तेव्हा ही अपेक्षा नवी नाही. कायमचा पूल हवा की नको, हा प्रश्नही प्रथम त्यांच्यापुढेच ठेवला जावा; त्यांच्या भूमीवर काय उभे राहावे हे माझ्यासारख्या स्थलांतरिताने सुचवू नये.

येत्या वसंतात नदी चढू लागण्यापूर्वी या तरतुदीबाबत आपल्या मंत्रालयाची भूमिका लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपला,
ब्रिटिश कोलंबियातील एक मराठी रहिवासी