चाचांचा तंबोरा आणि जवारीचं सूत

मिरज,
१२ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल चाचांचा, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरचा, चाळिसावा झाला. त्यांच्या तंबोऱ्याच्या दुकानाची फळी अजून उघडलेली नाही. आत तीन भोपळे उपडे घालून ठेवलेत आणि एका तंबोऱ्याची दांडी पाचरींत आवळलेली तशीच आहे. तुझ्या पत्रात दोन गोष्टी होत्या: चाचांबद्दल सविस्तर लिही, आणि टोरंटोतल्या तुझ्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या पृष्ठभागाची झंकार देणारी घडण, बसली आहे त्याचं काय करायचं ते कळव. दोन्हींचं उत्तर एकच आहे म्हणून एकाच पत्रात लिहितो.

सतारमेकर गल्लीचा इतिहास तुला ठाऊक आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी हत्यारांना धार लावण्याचं काम सोडून वाद्यं हातात घेतली, तिथून ही परंपरा चालत आली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. चाचांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "आता भोपळा स्वस्त होणार काय?"

भोपळ्यावर त्यांचा फार जीव. हा आपल्या भाजीतला भोपळा नव्हे, हा कडू आणि जाड सालीचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. वेलावर एका कुशीवर पडून राहिला तर चपटा भरतो, म्हणून निवडताना चाचा तो चारी बाजूंनी फिरवून बघायचे. मग बोटाचं पेर वाकवून ठोकायचे. ओलसर असेल तर आवाज बद्द येतो, वाळलेला टणत्कारतो. पुरुषी तंबोऱ्याला चौपन्न इंचांच्या आसपास घेर लागतो, बायकी त्याहून लहान. एवढे मोठे आणि शिवाय गोल भोपळे शंभरात थोडेच निघतात. आणल्या आणल्या तो कधी कापायचा नाही, निदान एक पावसाळा माळ्यावर काढू द्यायचा. आतल्या बाजूला ओल राहिली तर पुढं दांडीशी जुळलेल्या गळ्यापाशी चीर जाते, आणि ती चीर पॉलिशखाली दोन वर्षं दिसतही नाही. घाईचा माल असाच फसवतो. कापलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंडात आडव्या काठ्या घालून गोलाई आणायची, आणि पुन्हा सावलीत वाळवायचा. उन्हात नाही.

दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी, तूनच्या लाकडाची. तून वजनाला हलका, कोरायला सोपा आणि नाद देणारा. तबलीत चाचांचा हात कळायचा. ती फार पातळ केली तर नवं वाद्य पहिल्या महिन्यात फार गोड वाजतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि चार-पाच वर्षांत तारांच्या ताणानं घोडीखाली खचते. घोडी खाली गेली की तारा दांडीच्या जवळ येतात, जवारीचा कोन बिघडतो, आणि मग दरवर्षी कुणाकडं तरी घासून घेत बसायचं. चाचा तबली थोडी राखूनच ठेवायचे. "पहिल्या दिवशी थोडा दबलेला वाजू दे, वाजवून वाजवून उघडंल," असं सांगायचे. यावर नाराज होऊन दुसऱ्या दुकानात गेलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. ती परत आली का, हे चाचांनी कधी विचारलं नाही.

जोडकाम सरसानं, म्हणजे गरम करून लावायच्या पारंपरिक डिंकानं. गल्लीत फेव्हिकॉल सगळेच वापरतात, तेही वापरायचे, पण गळ्याच्या जोडाला नाही. सरसाचा जोड ऊब दिली की सुटतो, म्हणजे तीस वर्षांनी कुणाला तरी तो उघडून दुरुस्त करता येतो. फेव्हिकॉलचा जोड उघडायचा म्हणजे लाकूड फाडायचं.

आता जवारी. तुझं काम इथं आहे.

घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण नसतो. त्याला खुंट्यांच्या दिशेनं अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावरून हळूहळू सुटते आणि हलताना पृष्ठभागाला टेकत-सुटत राहते, तोच तो झंकार. उतार कमी पडला तर तार चिकटून राहते आणि नाद कोंडतो. जास्त झाला तर ती एका रेघेवरच टेकते आणि आवाज कोरडा, टणक येतो. रोज वाजवून तारा घोडीवर आपापल्या रेघा पाडतात, सगळ्यांत खोल रेघ पितळी खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराच्या तारेची. तुझ्या तंबोऱ्याचं बहुतेक हेच झालंय. तार ढिली करून बाजूला सार आणि जागेवरून नख फिरव. नख अडकलं तर रेघ पडली म्हणून समज.

चाचा पहिल्यांदा तंबोरा गाणाऱ्याच्या पट्टीत लावायचे, मगच कानस हातात घ्यायचे. काळी एक या पट्टीला बसवलेली जवारी पांढरी पाच या पट्टीला चालत नाही, कारण तारेचा ताण बदलला की ती घोडीवरून सुटण्याची जागाही बदलते. मग एकेक तार बाजूला सारून बारीक कानशीनं रेघ जाईपर्यंत घासायचं, पात्यानं खरवडायचं, शेवटी झिरो नंबरचा पॉलिश पेपर. तार परत जागेवर, सुरात, आणि घोडीवर तारेखाली सूत, म्हणजे बारीक दोरा, घालून ऐकायचं. नाही जमलं तर पुन्हा तार बाजूला. एका तारेसाठी असं दहा-पंधरा वेळा. खर्जाची तार जास्त झोका खाते म्हणून तिला जागा जास्त द्यावी लागते, जोडीच्या, म्हणजे एकाच सुरात लावलेल्या मधल्या दोन पोलादी तारांना मात्र अगदी एकसारखी. पहिल्या तारेवर पंचम असतो, पण मालकंसाला तिथं मध्यम लागतो आणि मारव्याला निषाद, म्हणून तिची जवारी थोडी मोकळी ठेवायची. खर्जातून गांधार आपोआप बोलू लागला की चाचा कानस खाली ठेवायचे. त्यानंतर कुणी कितीही म्हटलं तरी हात लावायचे नाहीत. अजून थोडं उघडूया म्हणून केलेलं घासणंच सगळं घालवतं. घासलेलं हाड परत येत नाही.

पूर्वी घोड्या सांबरशिंगाच्या असायच्या, आता त्यावर बंदी आहे. हाड किंवा एबोनाइट वापरतात. तुझी घोडी हाडाची आहे.

आणि सूत. ते चाचीचं खातं. शिवणाच्या सुती रिळाचा दोरा घेऊन ती त्याचे पदर सोडवायची, मधला एक पदर चिमटीत ओढून बघायची, तेवढाच चाचांकडं द्यायची. मेण लावलेला दोरा चालत नाही, नायलॉन तर नाहीच. दोरा जाड झाला की झंकाराऐवजी भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो. सूत तारेखाली घालून तिळातिळानं पुढं-मागं सरकवायचं, एका जागी नाद एकदम उमलतो, तिथं थांबायचं. संध्याकाळच्या अजानीनंतर चाचा जवारीला बसत नसत. दिवसभर कानशीचा आवाज ऐकून कान थकतो, असं कारण द्यायचे. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या वेळी नातवंडं अभ्यासाला बसायची आणि चाचांना गणित येत नसलं तरी वही हातात घेऊन शेजारी बसायचं असायचं. दोन्ही मुलं दुसऱ्या कामधंद्याला लागली, त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. वर्षभर तंबोरा सांभाळून ठेवणाऱ्यांपेक्षा वर्षाची फी वेळेवर भरणारा शहाणा, असं ते हसत म्हणायचे. जवारी मात्र थोरली नात शिकली. या गल्लीत मुलीनं कानस हातात धरणं नवलाचंच. चाचांनी तिला दोन वर्षं घासू दिलं नाही, फक्त सूत सरकवायला लावलं.

तुझ्याकडं हिवाळ्यात हीटर चालतो. कोरड्या हवेनं लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात, तबलीही थोडी खाली बसते. उन्हाळ्यात ती परत वर येते. म्हणून जवारी बिघडली असं वाटलं तरी आधी आठवडाभर खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत आण. ह्युमिडिफायर तंबोऱ्यापासून दूर ठेव, आणि तंबोरा हीटरपासून व बाहेरच्या भिंतीपासून दूर. निसटणाऱ्या खुंटीला खडूची पूड लाव, हातोडी मारून बसवू नकोस, डोकं फुटतं. तारा बदलायच्या तर एकेक बदल. चारही एकदम काढल्या की घोडी जागेवरून हलते. तारांत ओवलेले, सूर बारीक जुळवायचे मणी सगळे मधोमध आणून मग खुंटीनं सूर लाव, नाहीतर शेवटी मणी सरकवायला जागाच उरत नाही. एवढं करून नख अजूनही अडकत असेल, तरच जवारीचा विचार. आणि कानस स्वतः हातात घेऊ नकोस, इंटरनेटवरचं बघून तर अजिबात नाही.

नातीला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिचा निरोप असा: तंबोरा तुझ्या पट्टीत लाव, फोन भोपळ्यापासून हातभर अंतरावर ठेव आणि चारही तारा वेगवेगळ्या छेडून रेकॉर्ड कर. एकदा सूत काढून, एकदा घालून. प्रत्येक तार पूर्ण विरेपर्यंत थांब. त्यावरून रेघ पडली आहे की नुसती हवा लागली आहे ते ती सांगेल. रेघ असेल तर घोडी काढून पाठवावी लागेल, आणि काढायच्या आधी तबलीवर पेन्सिलनं चारी कोपऱ्यांच्या खुणा करून ठेव. सूत पाठवते म्हणाली. चाचीनं सोडवलेले सोळा पदर डबीत आहेत, त्यातले चार तुझे.

तुझा,
मिरजेचा मित्र