मोठ्यांच्या मापाचे स्केट्स ठेवा

संपादक महोदय,

म्हापशाच्या बाजारात रोलर स्केट्स मागितले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘मुलगा कितवीत आहे?’ मलाच हवेत म्हटले की विक्रेता पायांकडे न पाहता माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहतो. मग समोर येतात ते लांबी कमी-जास्त करायचे, पट्ट्यांचे, पोरांचे स्केट्स. मोठ्या माणसाला घोटा घट्ट धरणारा, नेमक्या मापाचा बूट लागतो.

चाकांविषयी तर कुणी बोलतच नाही. खडबडीत डांबरी रस्त्यासाठी ७८ए च्या आसपासची मऊ चाके हवीत (हा आकडा चाकाच्या कडकपणाचा; जितका मोठा, तितके चाक कडक). ९५ए वगैरे कडक चाके हॉलच्या गुळगुळीत फरशीवर छान पळतात; आमच्या वाड्यावरच्या रस्त्यावर मात्र दात वाजतात! ऑनलाइन मागवावेत, तर पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजूनही बूट कुठे चावेल ते पाय घातल्याशिवाय कळत नाही. (आणि आपल्या दमट हवेत बेअरिंग गंजतात, ती सुटी कुठे मिळणार?)

क्रीडासाहित्य विक्रेत्यांनी निदान एकेक जोड घालून पाहण्यापुरता तरी ठेवावा. सोबत मनगटाचे आणि गुडघ्याचे पॅडही, मोठ्यांच्याच मापाचे.

– एक निवृत्त शिक्षिका, म्हापसा