टिटवी ओरडली की

बेळगाव,
३० नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

इथे थंडी पडली आहे. पहाटे मराठा सेंटरचे रिक्रूट पळत जातात आणि त्यांच्या बुटांच्या आवाजाने मला जाग येते. १९६७ साली अठरा वर्षांचे तात्या याच कॅम्पात असेच पळाले असतील, हे रोज मनात येतं. पुढच्या आठवड्यात त्यांचं वर्षश्राद्ध. मी येतेच आहे, पण जे सांगायचं आहे ते भरल्या घरात सांगता येणार नाही, म्हणून आधी लिहिते.

बाबा, तेराव्याला पाहुणे निघून गेल्यावर तुम्ही ओट्यावर बसून तात्यांबद्दल म्हणालात, "दादा लढाईचं मला कधी काही बोललाच नाही. मीही विचारलं नाही." तेव्हा मी गप्प बसले. मला ते बोलले होते. एकदाच. घरी सांगू नको, असंही म्हणाले होते. आता सांगायला हरकत नाही असं मला वाटतं, कारण त्यात तुम्ही आहात.

२००९ च्या डिसेंबरात आम्ही दोघं वासोट्याला गेलो होतो. बामणोलीहून लाँच, मग ते दाट जंगल. तात्या साठीचे, पण मीच मागे पडत होते. रानात चालताना ते बोलत नसत, नुसती बोटं दाखवत. गव्याची ताजी पो, अस्वलाने उकरलेलं वारूळ. कस्तुराची शीळ ऐकू आली की थांबायचे, आणि ती पुरती संपल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाहीत. वर्षंसुद्धा ते कारवीच्या बहरावर मोजायचे. "मागच्या बहराला तू कॉलेजात होतीस," असं.

बाबूकड्यावर बसून भाकरी सोडली. खालच्या दरीतून टिटवीचा आवाज आला. मी सहज म्हटलं, "आजी म्हणायची, टिटवी अभद्र असते." तात्या कितीतरी वेळ दरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अभद्र न्हाई पोरी. ती संत्री हाय, पहारेकरी."

आणि मग त्यांनी एकाहत्तरच्या बांगलादेशच्या लढाईतलं जमालपूरचं सांगितलं. त्यांची पहिली मराठा, म्हणजे 'जंगी पलटण', ब्रह्मपुत्रा ओलांडून गावाच्या मागे, टांगाईलच्या रस्त्यावर मोर्चे खणून बसली होती. त्यांचे ब्रिगेडियर क्लेर यांनी गावातल्या पाकिस्तानी फौजेला शरण यायचं पत्र पाठवलं, तर समोरून कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली. ही गोष्ट पलटणीत सगळ्यांच्या तोंडी होती. १० डिसेंबरच्या रात्री ते लोक गाव सोडून त्याच रस्त्याने निसटायला निघाले. "आजूबाजूला भाताची खाचरं," तात्या म्हणाले, "थेट आपल्या जावळीसारखी. अंधारात वाटायचं, आपल्याच शेताच्या बांधावर बसलोय."

बाबा, नाचणी पिकली की तुम्ही दोघं राखणीला जायचात ना? तुम्ही सात वर्षांचे, ते पंधराचे. तात्या सांगत होते, "तुझा बाप माळ्यावर चढला की माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपायचा. टिटवी वरडली की समजायचं, डुकरं शिरली. मी आधी त्याच्या कानावर हात ठेवायचो, मग गोफण उचलायचो."

त्या रात्री जमालपूरलाही आधी टिटवी ओरडली. कुणाला काही दिसायच्या आधी. "आणि माझा हात आपसूक मांडीवर गेला. तुझ्या बापाचं डोकं शोधत. मांडीवर रायफल." एवढं बोलून ते थांबले. "फुडचं न्हाई सांगत," म्हणाले, आणि उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

सकाळी जमालपूरने शस्त्रं टाकली, १२ तारखेला टांगाईलला पॅराशूटने उतरलेल्या आपल्या छत्रीवाल्या पलटणीशी त्यांची गाठ पडली, १६ ला ढाका. हे तुम्हाला ठाऊक आहे, चौदा वर्षांचे तुम्ही रेडिओला कान लावून बसलेले होतात. ती एक रात्र तेवढी ठाऊक नव्हती. दरवर्षी त्या तारखेला ते अंगणात बाजेवर झोपायचे ते यामुळेच असणार. आई, तू न बोलता त्यांच्या अंगावर घोंगडी टाकून यायचीस, मी खिडकीतून बघितलंय. त्यांनाही ते कळत होतं. "तुझी आई इचारत न्हाई, तेच बरं वाटतं," असं त्यांनी खाली उतरताना सांगितलं.

बावीस वर्षं नोकरी केलेला हा हवालदार दोन महिन्यांच्या रजेवर आला की रोज सकाळी मुलींच्या वेण्या घालायचा. लाल रिबिनीचा पेड असा घट्ट की संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही. माझीही वेणी घातली आहे त्यांनी. त्यांचे खरबरीत अंगठे मला अजून कानामागे जाणवतात, आणि त्या रात्रीचे हात तेच होते हे वासोट्यावर कळलं तेव्हा मला रडू आलं. भीती नाही वाटली. त्यांच्याबद्दल होती ती माया दुप्पट झाली.

बाबा, तुम्ही विचारलं नाही याची खंत करू नका. ते तुम्हाला सांगू शकले नसते. त्यांच्या लेखी तुम्ही झोपलेले होतात, आणि तुमच्या कानावर त्यांचा हात होता.

मी गुरुवारी दुपारच्या एसटीने निघते. आई, थोरल्या आईंसाठी इथला कुंदा आणते आहे, त्यांना आवडतो. श्राद्ध झालं की रात्री, बाबा, आपण दोघं नाचणीच्या तुकड्यापर्यंत जाऊन येऊ. तुमच्या गुडघ्यांना झेपेल तेवढंच, सावकाश. माळा कुठे होता ती जागा मला दाखवा. बॅटरी मी आणते.

तुमची लेक