पुरात भिजलेल्या खुर्च्या कचऱ्यात घालू नका

मा. संपादक,
स. न.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागले की आमच्या शुक्रवार पेठेत सामान माळ्यावर चढायला लागते. ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेवढी उसंतच मिळाली नाही. सासऱ्यांची सागवानी, स्प्रिंगची खुर्ची खालीच राहिली आणि पाच दिवस पाण्यात होती. पूर ओसरल्यावर गल्लीच्या तोंडाशी गाद्या, सोफे, कपाटे यांचा ढीग लागला. त्या ढिगातून मी ती खुर्ची संध्याकाळी परत ओढून आणली. दुरुस्तीला नेली तर दुकानदार म्हणाला, "मावशी, ह्यात काय राम न्हाई, नवीन घ्या की." २०२१ च्या पुरात ती माळ्यावर होती म्हणून वाचली. यंदा उन्हाळ्यात मी ती घरीच उघडायला घेतली.

एकेक बारीक खिळा पेचकसाने उचकटत गेले, तसा रेक्झिनखालून पुराचा वाळलेला गाळ पिठासारखा सांडला. काथ्या काळा पडला होता, स्प्रिंगा बांधलेली सुतळी हात लावताच तुटली. लाकडाला मात्र काही झाले नव्हते. सांधे तेवढे हलत होते, कारण जुने सुतार सांध्यात सरस घालायचे आणि सरस पाण्याने सुटतो. सांधे खरवडून फेविकॉल लावला, दोरीने आवळून एक दिवस ठेवले. सांगाडा पुन्हा घट्ट झाला.

खरे काम सुतळीचे. खाली नवार ताणून विणायची, तिच्यावर स्प्रिंगा दाभणाने शिवायच्या आणि मग प्रत्येक स्प्रिंग पुढे-मागे, डावी-उजवीकडे व दोन्ही कर्णांत, अशी आठ बाजूंनी थोडी दाबून बांधायची. एक दोरी सैल राहिली तर बसणाऱ्याचे वजन पडताच स्प्रिंग कलते. माझी कडेची एक तशी राहिली होती, रात्री सगळे सोडून पुन्हा बांधले. लक्ष्मीपुरीतून रिकामी पोती आणली, त्यांचे गोणपाट स्प्रिंगांवर घातले. त्यावर नवा काथ्या, ४० डेन्सिटीचा फोम, कापसाचा पातळ थर आणि शेवटी जाड सुती कापड. रेक्झिन मुद्दाम टाळले, त्यातून ओल बाहेर पडत नाही. जुने रेक्झिन फेकले मात्र नाही, कापड बेतायला तेच पसरून घेतले.

खिळे आधी चारही बाजूंच्या मध्यावर आणि मग कोपऱ्यांकडे, हे मला पापाच्या तिकटीजवळच्या एका चप्पल कारागिराने सांगितले. "आदी निम्माच ठोका," ते म्हणाले, "कातडं असो न्हाईतर कापड, एकदा ओढून बगाय लागतंय." त्यांचे ऐकले म्हणून कोपऱ्यांच्या चुण्या सारख्या बसल्या.

हे लिहिण्याचे कारण पुढचा पावसाळा. पूर ओसरला की महापालिकेच्या गाड्या रस्त्यावरचा सगळा ढीग एकत्र उचलून नेतात. लाकडी सांगाडे तेवढे वेगळे काढून आठ-दहा दिवस एखाद्या मैदानावर ठेवावेत. ज्याचे असेल तो नेईल, नाहीतर एखादा सुतार नेईल. आपल्या वृत्तपत्राने पाणी उतरायला लागताच एवढे ठळक छापावे: खुर्चीची गादी लगेच काढून टाका, सांगाडा स्वच्छ पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. कडक उन्हात लाकूड तडकते. आमच्या गल्लीत त्या वर्षी अशा कितीतरी खुर्च्या उन्हात टाकल्या गेल्या.

आणखी एक. बचत गटांच्या बायकांना शिवणकाम शिकवतात, त्यात खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या भरण्याचे कामही घालावे. सुई-दोऱ्याचा हात त्यांना आहेच. शिकवायला जाणते कारागीर बोलवावेत, आणि सरावाला माझी दुसरी खुर्ची मी द्यायला तयार आहे. तिची नवार अजून तुटलेलीच आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, शुक्रवार पेठ, कोल्हापूर