प्रतिकणाचा नाश ‘तत्क्षणी’ होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रतिद्रव्याविषयीच्या लोकप्रिय लेखांत एक विधान हमखास आढळते: पॉझिट्रॉनला (इलेक्ट्रॉनच्या धन प्रभाराच्या प्रतिकणाला) इलेक्ट्रॉन भेटला की दोघेही तत्क्षणी नष्ट होऊन ऊर्जा उरते. घड्याळाच्या मापाने ते खोटे नाही. पण त्यात जो अतिसूक्ष्म विलंब गिळला जातो, त्याच्याच मोजणीवर पदार्थांच्या अभ्यासाची एक पद्धत उभी आहे, म्हणून हे पत्र.

सोडियम-२२ या किरणोत्सारी पदार्थातून बाहेर पडलेला पॉझिट्रॉन धातूत शिरला की काही पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) आपली जवळजवळ सर्व ऊर्जा गमावतो, मग अणूंच्या मधल्या जागेतून भटकतो आणि अखेर एखाद्या इलेक्ट्रॉनसह नाहीसा होताना प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा फोटॉन (प्रकाशासारखेच, पण फार अधिक ऊर्जेचे कण) जवळपास विरुद्ध दिशांना सोडतो. पॉझिट्रॉन बाहेर पडतो त्याच सुमारास सोडियम-२२ हे १२७५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा आणखी एक फोटॉन देते; तो जन्माची खूण, ५११ चा फोटॉन मृत्यूची, आणि मधले अंतर म्हणजे आयुष्य. निर्दोष ॲल्युमिनियममध्ये ते सुमारे १६० पिकोसेकंद भरते. स्फटिकात एखादा अणू जागेवर नसेल, तर तिथे धन प्रभाराच्या अणुकेंद्राचे प्रतिकर्षण नसल्याने पॉझिट्रॉन त्या रिकाम्या जागेत अडकतो, आणि तिथे इलेक्ट्रॉनही विरळ असल्याने जवळपास दीडपट जगतो. दहा लाख अणूंमागे एखादीच जागा रिकामी असली तरी ती या मोजणीत दिसते.

पॉलिमर, पाणी किंवा काच यांत गोष्ट अधिक रंजक होते. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत जे जमत नाही ते इथे जमते: पॉझिट्रॉन एक इलेक्ट्रॉन सोबत घेऊन पॉझिट्रोनियम नावाची, हायड्रोजनसारखी पण अणुकेंद्र नसलेली जोडी बनवतो. मार्टिन डॉइच यांनी १९५१ मध्ये वायूंमध्ये तिचे अस्तित्व सिद्ध केले. दोघांच्या फिरकी (स्पिन हा कणांचा मूलभूत गुणधर्म) परस्परविरुद्ध असतील तर ही जोडी निर्वातात सरासरी १२५ पिकोसेकंद टिकते. समांतर असतील, म्हणजे ऑर्थो प्रकारात, तीन फोटॉन देऊनच तिला संपावे लागते आणि आयुष्य १४२ नॅनोसेकंदांवर (एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद) जाते. दाट पदार्थात मात्र ऑर्थो जोडीला इतके जगू दिले जात नाही. तिचा पॉझिट्रॉन स्वतःच्या जोडीदाराऐवजी भोवतालच्या रेणूतील विरुद्ध फिरकीचा इलेक्ट्रॉन गाठून दोन फोटॉनांत संपतो, त्यामुळे १४२ चे दोन-चार नॅनोसेकंद उरतात. ही जोडी रेणूंमधल्या ज्या पोकळीत असते ती जितकी मोठी तितकी भिंतीशी गाठ कमी आणि आयुष्य जास्त. यावरून पॉलिमरमधील नॅनोमीटरहूनही लहान पोकळ्यांचा आकार काढला जातो. (द्रवरूप हेलियममध्ये तर पॉझिट्रोनियम अणूंना दूर सारून आपल्यापुरता बुडबुडाच तयार करते.)

शरीरात पॉझिट्रॉन सोडणारे औषध देऊन प्रतिमा काढणाऱ्या पेट स्कॅनच्या बातम्यांतही ही बाजू सहसा येत नाही. शरीरात सुमारे ४० टक्क्यांपर्यंत पॉझिट्रॉन आधी पॉझिट्रोनियम बनवतात, पण नेहमीचे यंत्र ते कुठे नष्ट झाले एवढेच नोंदवते. किती काळाने झाले हेही मोजून प्रतिमा काढण्याचे काम पोलंडमधील क्राको येथील संशोधकांनी पुढे नेले असून, २०२४ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूची अशी पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली. यातून लगेच कर्करोगाचे नवे निदान हाती आले असे छापणे घाईचे ठरेल, कारण हे आयुष्य ऊतींतील पोकळ्यांवर तसेच विरघळलेल्या ऑक्सिजनवरही अवलंबून असते आणि दोहोंचा वाटा वेगळा काढणे सोपे नाही. शिवाय रुग्णालयांत सर्वाधिक वापरले जाणारे फ्लोरिन-१८ जन्माची खूण देणारा फोटॉन सोडतच नाही. गॅलियम-६८ काही वेळा सोडते, स्कॅन्डियम-४४ जवळजवळ नेहमीच.

तेव्हा आपल्या विज्ञानविषयक मजकुरात पॉझिट्रॉनच्या नाशाचा उल्लेख होईल तिथे तो कोणत्या पदार्थात आणि किती काळाने झाला, हेही छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक