मे महिन्याचा विसावा घरातील सर्वांना मिळावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिना सुट्टीचा समजला जात असला, तरी मिरज-सांगली परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांत वर्षातील सर्वांत जास्त धावपळ याच महिन्यात असते. लग्ने, मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे, मुलांची सुट्टीतील बायबल शाळा, तरुण संघाची शिबिरे, वर्षभराची चटणी आणि कुरडया-पापड हे सारे पारा चाळिशीला टेकलेला असताना उरकायचे असते. त्यामुळे रविवारच्या उपासनेहून परतणाऱ्या माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या चेहऱ्यावर समाधानापेक्षा थकवाच अधिक दिसतो. या विषयाकडे आपल्या दैनिकाद्वारे मंडळ्यांचे (म्हणजे चर्चचे) आणि कुटुंबांचे लक्ष वेधावे, असे मनापासून वाटते.

सगळी कामे संपली की मग विसाव्याचा हक्क मिळतो, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. पवित्र शास्त्राची शिकवण वेगळी आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातील विसाव्याच्या दिवसाची आज्ञा देताना मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका या सर्वांचा उल्लेख आहे, आणि तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, कारण तू स्वतः मिसर (इजिप्त) देशात दास होतास, असे त्याचे कारणही दिले आहे. त्याच मिसरात फारो राजाने इस्राएली दासांना विटांसाठी पेंढा द्यायचे बंद करून विटा मात्र तेवढ्याच मागितल्या आणि दमलेल्या लोकांना आळशी ठरवले. पावसाळ्याआधी माल काढण्यासाठी कृष्णाकाठच्या वीटभट्ट्यांवर भर उन्हात राबणारी कुटुंबे पाहिली, की ‘निर्गम’ या पुस्तकातील तो प्रसंग आजही जवळचा वाटतो.

ही शिकवण आपल्या मातीला परकी आहे, असेही नाही. बेंदराच्या दिवशी आपला शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. सातारा जिल्ह्यातील कटगुणचे मूळ असलेल्या जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा १८९० मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आपण ज्या रविवारी निश्चिंतपणे उपासनेला बसतो, त्यामागे अशा श्रमिकांचा लढाही आहे, याचा आपल्याला विसर पडू नये.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सेवेहून परतलेल्या शिष्यांना जेवायलाही सवड नाही हे पाहून प्रभू येशूने त्यांना एकांती चलून थोडा विसावा घेण्यास सांगितले. त्याने त्यांच्या कामाचा हिशेब मागितला नाही आणि लगेच दुसरे कामही सोपवले नाही. पुढे लोकसमुदाय पायी धावत त्यांच्याआधीच तेथे पोहोचला, प्रभूला त्यांचा कळवळा आला आणि पाच हजारांना जेवू घालण्यात तो दिवस गेला, हे खरे. परंतु संध्याकाळी त्याने शिष्यांना तारवातून पुढे पाठवले, लोकांना निरोप दिला आणि स्वतः प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. मोडलेला विसावा त्याने सोडून दिला नाही. ज्यांच्या घरी मे महिन्यात न सांगता पाहुणे येतात, त्यांना या भागातून मोठा धीर मिळावा.

तरीही हा विसावा घरात कोणाला मिळतो, हे तपासून पाहिले पाहिजे. येशू घरी आला असता पाहुणचाराच्या कामात गुंतलेली मार्था आणि त्याच्या पायाशी ऐकत बसलेली तिची बहीण मरीया यांच्यावरचे प्रवचन आपण स्त्रियांना वारंवार ऐकवतो. प्रवचनानंतर मात्र तीस माणसांचे जेवण त्याच स्त्रिया करतात आणि पुरुष मंडळी पंख्याखाली बसतात. मार्थेला दोष देण्याआधी तिच्या हातातले काम कोणीतरी वाटून घ्यायला नको का? आपल्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईंच्या घरीही मुलांना सुट्टी असते, त्यांच्याकडेही लग्ने असतात; आणि आपल्याकडे पाहुणे वाढले की त्यांचेच काम दुप्पट होते. आज्ञेत उल्लेख असलेली दासी आपल्या घरात हीच आहे. तिला आठवड्यातून एक दिवस पगार न कापता सुट्टी देणे ही मेहेरबानी नसून आज्ञापालन आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाबळेश्वर-पाचगणीला चार दिवस जाऊन येण्यास माझा विरोध नाही, मात्र पसरणी घाटातील वाहनांच्या रांगेतून परतलेले कुटुंब अनेकदा अधिकच दमलेले असते. मिरजेचा प्रश्न तर आणखी निराळा आहे. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय सुरू केल्यापासून रुग्णसेवा ही या गावाची ओळख झाली, आणि येथील अनेक ख्रिस्ती परिचारिकांना रविवारीही ड्युटी असते. शब्बाथ दिवशी आजाऱ्यांना बरे करणाऱ्या प्रभूच्या अनुयायांनी त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. पण नाईट करून आलेल्या परिचारिकेकडून त्याच सकाळी शब्बाथ शाळेचा (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाचा) वर्ग घेण्याची अपेक्षा मंडळीनेही ठेवू नये.

मंडळ्यांच्या कमिट्यांना माझी नम्र विनंती आहे की, मे महिन्यातील निदान दोन रविवारी उपासनेखेरीज कोणताही कार्यक्रम, सभा वा बैठक ठेवू नये, प्रीतिभोजन असल्यास त्या दिवशीचा स्वयंपाक आणि भांडी पुरुषांनी सांभाळावीत, आणि बायबल शाळेत शिकवणाऱ्या तरुणांना समारोपानंतरचा आठवडा पूर्ण मोकळा द्यावा. पुढील वर्षाचे वेळापत्रक ठरवतानाच हे लिहून ठेवले, तर ऐन वेळी कोणाला नकार देण्याचा संकोच वाटणार नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, मिरज (जि. सांगली)