पाउश सर, तुमच्यामुळे बाबांचा आवाज राहिला

प्रिय रँडी पाउश सर,

तुम्ही २५ जुलै २००८ ला गेलात, हे पत्र तुम्हाला मिळणार नाही हे कळतंय मला, तरी लिहितेय कारण आभार मानायचे राहून गेलेत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तुम्ही प्रोफेसर, तिथलं तुमचं १८ सप्टेंबर २००७ चं लेक्चर मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाबांची केमो चालू होती. तुम्ही आधी स्वतःच्या लिव्हरमधल्या गाठींचे स्कॅन दाखवलेत आणि मग स्टेजवरच जोर काढलेत! स्वादुपिंडाचा कॅन्सर, डॉक्टरांनी सांगितलेले बऱ्या तब्येतीचे तीन ते सहा महिने, आणि माणूस लहानपणीच्या स्वप्नांवर बोलतोय.

मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं तर काय काय ऐकायला मिळालं. तुम्ही म्हणालात ना की वाटेत भिंत येते ती आपल्याला ती गोष्ट किती हवीय हे बघायला, त्यावर एक दादा म्हणाला, अमेरिकेतला प्रोफेसर, त्याला बोलायला काय जातंय. मावशीला देवाचं नाव नाही घेतलं हे खटकलं. मामेबहीण म्हणाली, उरलेले दिवस पोरांजवळ बसायचं सोडून भाषणं कसली करतो. हे मात्र मला लागलं, कारण तुमच्या मिसेसचाही आधी विरोधच होता. पण सर, सगळे सल्ला बरोबर की चूक एवढंच बघत बसले, शेवटपर्यंत कुणी बघितलंच नाही. हे हॉलमधल्या लोकांसाठी नव्हतंच, माझ्या मुलांसाठी होतं, असं तुम्ही शेवटी सांगितलंत. तीन मुलं, मोठा पाच वर्षांचा, धाकटी दीड वर्षाचीही नाही, तिला बाप आठवणार तरी कसा.

त्याच रात्री मी बाबांच्या उशाशी मोबाईल रेकॉर्डिंगला ठेवला. बाबा टेलर, चाळीस वर्षं एकाच मशीनवर. काका चिडले, माणूस जिवंत असताना असलं अभद्र सुचतंच कसं तुला, पण मी ऐकलं नाही आणि ती हिंमत तुमच्याकडूनच आली. बाबांनी उपदेश काहीच केला नाही. माझ्या मुलाचं नाव घेऊन म्हणाले, मशीनला तेल घातलंस की आधी चिंधीवर शिलाई मार, नाहीतर गिऱ्हाइकाच्या कपड्याला डाग पडतो, मग खोकला आला, मग म्हणाले पाणी दे गं. एकूण अकरा मिनिटं.

मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता, आता नववीत आहे. परवा त्याने ते मशीन काढलं, तेल घातलं, आणि मला न विचारता जुन्या बनियनची चिंधी शोधायला लागला.

थँक्यू सर, अगदी मनापासून.